श्रीपेरुंबुदूरची कोरियन, अड्यारची कोरियन

आमच्या घरात कोरियन भाषा दोन दारांनी शिरली आणि दोन्ही दारं चेन्नईतच उघडली. माझ्या नणंदेनं ती पन्नाशी उलटल्यावर क्लास लावून, वह्या भरून, परीक्षा देऊन शिकायला घेतली. माझ्या मुलानं ती कारखान्यात, प्रेसच्या धडधडाटात, कानावर पडेल तशी उचलली. वन्सं अड्यारला राहतात. मुलगा सध्या त्यांच्याकडेच असतो आणि पहाटे कंपनीच्या बसनं चाळीसेक किलोमीटरवरच्या श्रीपेरुंबुदूरला जातो. दोघांनाही एकमेकांची कोरियन पसंत नाही. मी पुण्याहून गेले होते तेव्हा रात्रीची जेवणं झाली की हा वाद रंगायचा. त्यातलं लिहिण्याजोगं वाटलं ते इथे देते आहे. मधेमधे माझी लुडबुड आहे, ती वगळून वाचलंत तरी चालेल.

चेन्नईत कोरियन कुठून आली, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं. ह्युंदाईनं १९९६ साली इथे पाय रोवला आणि बंगळूर रस्त्यावरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून १९९८ मध्ये सँट्रो बाहेर पडली. गाडीपाठोपाठ सुटे भाग पुरवणारे कोरियन कारखानदार आले, पुढे सॅमसंग आली. साहेबांची बायकामुलं आली, त्यांच्यासाठी खाणावळी, किराणा दुकानं, गेस्ट हाउसं आली. रामानुजाचार्यांचं जन्मगाव असलेल्या श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात आज तमिळ, इंग्रजी आणि कोरियन अशा पाट्या दिसतात. हिंदी शोधावी लागते. तमिळनाडूनं १९६८ पासून शाळेत दोनच भाषा ठेवल्या आहेत. आपल्याकडे २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून एवढा गदारोळ झाला की सरकारला जूनअखेरीस शासन निर्णय मागे घ्यावे लागले. कोरियनवरून मात्र इथे कुणी भांडल्याचं मी ऐकलं नाही. ती कुणी सक्तीची केली नव्हती, एवढंच कारण मला दिसतं.

पुण्याशी या सगळ्याचा संबंध तळेगावमुळे. जनरल मोटर्सचा तिथला बंद पडलेला कारखाना ह्युंदाईनं घ्यायचं ठरवलं ते २०२३ मध्ये, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. चाकणच्या ज्या कंपनीत मुलगा नोकरी करतो तिला आता कोरियन गिऱ्हाईक सांभाळायचं आहे. म्हणून 'जा, त्यांची पद्धत शिकून ये' असं सांगून त्याला वर्षभरासाठी इकडे धाडलं. पद्धत शिकायची तर भाषा आलीच. ती कुठून शिकायची, इथून वादाला तोंड फुटलं.

भाचा : आत्या, मी दिवसभर कोरियन माणसांत असतो. याहून चांगला क्लास कुठला? तू फी भरून जे ऐकतेस ते मला पगारात मिळतं.

आत्या : काय काय मिळालं आतापर्यंत? सांग बघू.

भाचा : भरपूर. 'प्पल्ली प्पल्ली', लवकर लवकर. हे तर आमच्या गेटवरचा चहावालाही म्हणतो. 'ताशी हे', पुन्हा कर. 'आन द्वे', चालणार नाही. 'वे?', का? 'इगॉ म्वॉया?', हे काय आहे? पार्ट हातात धरून साहेबांनी असं विचारलं की समजायचं, लॉट परत येणार.

आत्या : लिहून ठेवलंस कुठे?

भाचा : मोबाइलमध्ये. इंग्रजी अक्षरांत.

आत्या : मग ते तू इंग्रजीसारखंच वाचणार. इंग्रजीत ई आणि ओ शेजारीशेजारी दिसले की तू 'इओ' म्हणणार. तिथे एकच स्वर आहे, आपल्या 'ऑ'च्या जवळपासचा. त्यांच्या राजधानीला 'सिओल' म्हणत नाहीत, एवढं तरी कारखान्यात कळलं का? देवनागरीतही सगळं बसत नाही. ओठ गोल न करता म्हणायचा 'उ' आपल्याकडे नाही. त्यापेक्षा लिपी शीक ना. चौदा व्यंजनं, दहा स्वर, बाकीची अक्षरं त्यांच्यातूनच जोडलेली. राजा सेजोंगनं १४४३ मध्ये ती घडवली, १४४६ मध्ये लोकांपुढे ठेवली. जीभ तोंडात कुठे टेकते त्याचंच चित्र अक्षरात काढलंय त्यानं. 'क'मध्ये जिभेचं मूळ वर उचललेलं, 'न'मध्ये जिभेचं टोक, 'म' म्हणजे तोंडाचा आकार. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य शाळेत घोकलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

भाचा : मला वाचायचं नाहीये, बोलायचंय.

आत्या : तुमच्या ड्रॉइंगवर शेरे कुठल्या भाषेत मारलेले असतात?

भाचा : कोरियनमध्ये. पण दुभाषी असते की.

लिपीच्या मुद्द्यावर मी वन्संच्या बाजूची आहे. त्यांच्या वहीत मला एक गोष्ट विशेष आवडली. डाव्या पानावर कोरियन वाक्य, उजव्या पानावर मराठी. इंग्रजी कुठेच नाही. मोबाइलवरचे धडे, पुस्तकं, सगळं इंग्रजीतून शिकवतात, म्हणजे आधी वाक्य उलटं करायचं आणि मग पुन्हा सुलटं. मराठीतून गेलं की क्रियापद आपोआप शेवटी येतं, 'चेन्नईत', 'चेन्नईहून', 'चेन्नईला' यांतल्यासारखे प्रत्यय नामाच्या मागेच चिकटतात. शिवाय नामांना लिंग नाही. 'तो टेबल की ते टेबल' हा आपला घरगुती तंटा तिथे उद्भवतच नाही. त्याची भरपाई कोरियननं आकड्यांत केली आहे. मोजायच्या दोन वेगळ्या रीती आहेत, एक अस्सल कोरियन, एक चिनीवरून आलेली. साडेतीन वाजले हे सांगताना तास पहिल्या रीतीनं आणि मिनिटं दुसऱ्या रीतीनं मोजायची, 'से शी साम्शिप पुन'. हे ऐकून मी हात जोडले. मुलाला मात्र यातली एक गोष्ट चांगलीच ठाऊक होती.

भाचा : मोठ्या आकड्यांत आमची रोज तारांबळ उडते. त्यांचा गठ्ठा दहा हजारांचा, त्याला 'मान' म्हणतात. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा मान. आपला कोटी म्हणजे हजार मान. कोटेशनच्या मीटिंगमध्ये कोरियन साहेब मानमध्ये विचार करतात, आम्ही लाखात, आणि कागदावर असतात इंग्रजी मिलियन. हे मला कुठल्या क्लासनं शिकवलं नाही. चुकलं तर पैसे जातात, म्हणून एका आठवड्यात पाठ झालं.

आत्या : हे मान्य. माझं तीन वर्षं पाठ होत नव्हतं.

भाचा : आणि उच्चार मला लाइनवरच्या तमिळ पोरांनी शिकवले. त्यांना शिकवायची गरजच पडली नव्हती.

हे खरं आहे आणि त्याचं कारणही गमतीचं आहे. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला ते क वाजतं, दोन स्वरांच्या मध्ये आलं की ग. कोरियनची चाल जवळजवळ हीच. त्यांचं बंदर इंग्रजीत आधी 'पुसान' लिहीत, २००० सालच्या नव्या पद्धतीपासून 'बुसान' लिहितात. बोलणारे बदलले नाहीत, अक्षर तेवढं बदललं. तमिळ माणसाला यात बिचकण्यासारखं काही वाटत नाही. आपण क, ख, ग, घ असे चार खण करून बसलेलो, आपण गोंधळतो. उलट ख, थ, फ, छ हे महाप्राण आपल्याला सहज येतात आणि तिथे तमिळ पोरं अडतात. घशात आवळून काढायचे 'प्प', 'त्त' दोघांनाही सारखेच छळतात. अशी साम्यं दिसली की लोक लगेच नाती जोडू लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होमर हल्बर्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं कोरियन आणि द्राविड भाषांचं तुलनात्मक व्याकरणच लिहिलं होतं. ते नातं आज भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या कोरियन ग्रंथात अयुता देशाहून समुद्रमार्गे आलेल्या राजकन्येची कथा आहे. ती अयोध्येची की कन्याकुमारीकडची, यावर भांडायला दोन्हीकडे माणसं तयार आहेत. भांडू देत. त्यानं प्रत्यय पाठ होत नाहीत.

तमिळचा विषय निघाला की वन्संचे यजमान, म्हणजे मुलाचे आतोबा, वर्तमानपत्र खाली ठेवत. ते तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं, तेव्हापासून आतोबांचं घराणं कावेरीकाठी. घरी बोलतात ती मराठी आम्हाला अर्धी कळते, अर्धी अंदाजानं लावावी लागते. त्यांचं म्हणणं एकच होतं. ज्या गावचं पाणी पितोस तिथली भाषा येत नाही आणि निघालास कोरियाला.

भाचा : आतोबा, तुमचं बरोबर आहे, पण कंपनी मला तमिळसाठी पाठवत नाहीये ना.

आतोबा : विनोबांना कुणी पाठवलं होतं? वेल्लोरच्या तुरुंगात होते, तिथे चारही दाक्षिणात्य भाषा शिकले. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले, कुरळ मराठीत आणला.

भाचा : हेच तर मी म्हणतोय! त्यांनी कुठे क्लास लावला होता? बराकीत तमिळ माणसं होती, ती पुरली.

आत्या : विनोबा माणसांवर थांबले नाहीत. लिपीचा एवढा ध्यास घेतला की तिथेच लोकनागरी तयार केली. आणि हे बघ, बराकीत सगळे कैदी सारखेच. तुझ्या कारखान्यात तसं आहे का?

हा प्रश्न तेव्हा तसाच हवेत राहिला, कारण मुलानं परीक्षेवर घसरायचं ठरवलं होतं. वन्संचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं आहे. 'टोपिक' ही कोरियन येण्याची जागतिक परीक्षा. खालच्या टप्प्यात सत्तर प्रश्न, शंभर मिनिटं, दोनशे गुण. त्यात ८० मिळाले की पहिली पातळी, १४० मिळाले की दुसरी. वरच्या टप्प्यात तिसरीपासून सहावीपर्यंतच्या पातळ्या आणि निबंधही. वन्सं दुसरी पातळी पार झाल्या आहेत.

भाचा : पहिल्या टप्प्यात ऐकायचं आणि वाचायचं. बरोबर?

आत्या : हो.

भाचा : म्हणजे तोंड न उघडता पास. आणि प्रमाणपत्र दोन वर्षांत शिळं होतं.

आत्या : शिळं झालं म्हणून शिकलेलं जात नाही. नदीपलीकडे राजा अण्णामलैपुरममध्ये इंको सेंटर आहे, २००६ पासून. तिथल्या वर्गात जाऊन बस एकदा. कॉलेजच्या मुली, दुभाषी व्हायला निघालेली मुलं, माझ्यासारख्या मालिका बघून आलेल्या बायका. दहा-बारा वर्षांपूर्वी पुदुयुगम वाहिनी कोरियन मालिका तमिळमध्ये डब करून दाखवायची, तेव्हापासून इथे घराघरांत ते वेड आहे. आठवड्याला ठरलेल्या वेळी कुणीतरी चुका दाखवणारं समोर असतं. तुझ्या साहेबांनी तुझी एक तरी चूक सुधारली का?

भाचा : पार्टमधल्या सुधारतात. पण तू क्लास झाल्यावर बोलतेस कुणाशी? त्या दिवशी आपण किल्पॉकला जेवायला गेलो होतो, तेव्हा काय झालं?

तो प्रसंग मलाही ठाऊक आहे. वन्संनी खाणावळीत अगदी घटवून ठेवलेल्या कोरियनमध्ये जेवण मागवलं. वाढणारा मुलगा झरझर उत्तरला, वन्सं खूश. बोलता बोलता कळलं की तो मणिपूरचा. २००० साली तिथल्या बंडखोर संघटनेनं हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती जागा कोरियन मालिकांनी भरून काढली. तो त्यांच्यावरच वाढलेला. म्हणजे चेन्नईत एक मराठी बाई आणि एक मणिपुरी मुलगा कोरियनमध्ये बोलत होते आणि कोरियन माणूस आसपास नव्हता. मुलाला हे हास्यास्पद वाटलं. मला नाही वाटलं. भाषा परक्या गावी पोचते तेव्हा ती मूळ मालकाची वाट पाहत बसत नाही. पण मुलाचा खरा मुद्दा वेगळा होता.

भाचा : तुम्ही दोघं एकमेकांना काय शिकवणार? दोघंही एकाच मालिकेतून शिकलेले. आणि मालिका तरी कसल्या ऐकतेस, खालची इंग्रजी वाचतेस.

आत्या : बरं. आता तुझी ती यादी परत वाच.

भाचा : कुठली? 'प्पल्ली', 'ताशी हे', 'आन द्वे', 'वे'...

आत्या : यातलं एक तरी तू कुणाला म्हणालास?

भाचा : मी? नाही. हे सगळं मला म्हटलेलं आहे.

आत्या : तुला सोडलेले हुकूम तेवढे तुला पाठ झालेत. आणि उत्तर कशात देतोस?

भाचा : इंग्रजीत. आम्ही सगळेच. कोरियन कळतं सगळ्यांना, पण साहेबांशी कोरियनमध्ये कुणी बोलत नाही.

आत्या : का नाही बोलत?

भाचा : माहीत नाही. कसंतरीच वाटतं. तोंड उघडलं तर काहीतरी उद्धट निघेल असं वाटतं.

आत्या : बरोबर वाटतं! निघेलच. 'हे' म्हणजे कर. ते वरचा खालच्याला म्हणतो, मित्र मित्राला, आई लेकराला. तेच तू साहेबांना म्हणालास तर 'ए, कर' म्हटल्यासारखं. अनोळखी माणसाशी, दुकानदाराशी 'हेयो'. कामावर, वरिष्ठांसमोर, सभेत 'हम्निदा'. आणि साहेब स्वतः करतात ते सांगायचं तर क्रियापदाच्या पोटात आदराचा आणखी एक तुकडा घालायचा. तुला आठ महिन्यांत फक्त पहिली रीत ऐकायला मिळाली, कारण तिथे तू खालचा. ज्या रीतीनं तू बोलायला हवंस ती तुझ्याशी कुणी बोलणारच नाही.

भाचा : पण 'पुजांगनिम' म्हणतो मी. विभागप्रमुखांना सगळे तसंच म्हणतात. 'निम' म्हणजे साहेब.

आत्या : संबोधन बरोबर आणि पुढचं क्रियापद अरेतुरेचं, अशी खिचडी होते मग. म्हणून तुम्ही गप्प बसता आणि इंग्रजीत शिरता. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', लपायला बरं.

इथे मुलगा पहिल्यांदा गप्प झाला. मला आठवली ती अमेरिकेतली आपली मुलं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी जातात, घरी आईबाबांची मराठी ऐकतात, आणि भारतातून आलेल्या आजोबांच्या मित्राला सरळ 'तू बस ना इथे' म्हणतात. मूल उद्धट नसतं. घरात त्याच्याशी सगळे 'तू'नंच बोलतात, आईबाबाही एकमेकांना 'तू'च म्हणतात, मग 'तुम्ही' त्यानं ऐकावं कुठे? पुण्यात ते वाण्याच्या दुकानात, जिन्यावर, देवळात दिवसाला पन्नासदा कानावर पडतं, कुणी मुद्दाम शिकवत नाही. मूळ गावी भाषा चहूबाजूंनी ऐकू येते. परगावी ती एकाच झरोक्यातून येते, नोकरीच्या, पडद्याच्या किंवा वर्गाच्या, आणि झरोक्याच्या त्या बाजूला कोण उभं आहे त्यावर तिचा सूर ठरतो. मोबाइलवर दिवसाला किती मिनिटं, शब्द किती पाठ, यावर लोक एवढा काथ्याकूट करतात. माझ्या मते आधी विचारायला हवं की तुमच्याशी कोण बोलतंय आणि तुम्हाला काय समजून बोलतंय.

पण मुलगा हार मानणारा नव्हता.

भाचा : आणि तुझं काय गं? मालिकेत नायिका नायकाशी बोलते, नायक तिच्याशी. तुझ्याशी कोण बोलतंय? तू खिडकीतून दुसऱ्यांचं ऐकतेस.

आत्या : हो, ऐकते. आणि त्या दोघांचं प्रेम जमलं की ते पहिल्या रीतीवर उतरतात, तेवढंच माझ्या कानात जास्त बसलंय. पुस्तकातलं 'हेयो' सगळ्यांना सारखं, बिनधोक, कुणाचंच नाही. वर्गात आम्ही एकमेकींना 'तुम्ही बाजारात जाता का' विचारतो. असं कोण विचारतं?

भाचा : म्हणजे तुझीही अर्धीच.

आत्या : माझीही. पण मी दुसरी अर्धी शोधली. गुरुवारी येते ती.

वन्संच्या शेजारच्या इमारतीत एक कोरियन कुटुंब आहे. नवरा कारखान्यात, मुलगी आंतरराष्ट्रीय शाळेत, आणि बाईंना शाळेतल्या पालकसभेपुरतं इंग्रजी हवं आहे. वन्संनी शाळेत इंग्रजी शिकवलेलं. अर्धा तास त्यांनी इंग्रजी शिकवायचं, अर्धा तास त्या बाईंनी कोरियन बोलायचं, पैशाचा व्यवहार नाही, शेवटी कॉफी. या सौद्यात वन्संना नकळत घबाड मिळालं, ते वयामुळे. कोरियन रिवाजात वडीलधाऱ्यांशी वाकूनच बोलायचं, त्यामुळे ती बाई वन्संशी सगळी वरच्या रीतीनं बोलते. कारखान्यात वर्षभर राहून जी बोली मुलाच्या कानावर पडणार नव्हती ती गुरुवारी दुपारी आत्याच्या सोफ्यावर आपसूक येते. मुलाला बोलायला हवी तीच ती.

भाचा : म्हणजे मी तुमच्यात येऊन बसू? ती तुझ्याशी कशी बोलते ते ऐकायचं आणि तसंच साहेबांशी बोलायचं?

आत्या : तेवढंच करायचंय. आणि ती नकार कसा देते ते नीट ऐक. तुझं 'आन द्वे' ती मला कधीच म्हणत नाही. 'ऑर्यॉप्सुम्निदा' म्हणते, अवघड आहे. तेवढ्यावर समजून घ्यायचं.

भाचा : हां! हे आमची दुभाषी म्हणते! लाइनवरच्या पोरानं तमिळमध्ये 'होणार नाही' म्हटलं की ती साहेबांना हेच सांगते. मला वाटायचं ती आमचं म्हणणं गुळगुळीत करते. आणि साहेब जे ओरडतात ते ती तमिळमध्ये सांगते तेव्हा कुणी दुखावत नाही.

आत्या : मग कारखान्यातली खरी मास्तरीण ती. दोन्ही दिशांनी बोलणारी तेवढी एकच आहे तिथे. मीटिंगमध्ये साहेबांकडे बघू नकोस, तिच्याकडे कान दे. तिचे शब्द उतरवून आण, आपण दोघं बसून बघू. मला कारखान्यातली भाषा कुठे मिळायची? माझ्या पुस्तकात वेल्डिंग नाही.

भाचा : एवढं कशाला, मोबाइल आहे ना. पापागो या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये मराठी नाही, पण इंग्रजी टाकलं की कोरियन करून देतं.

आत्या : देतं की. आणि त्यात एक बटण आहे, आदरार्थी हवं की साधं. ते बघितलंयस कधी?

भाचा : (मोबाइल काढून) कुठे?... अरे, हे बंदच होतं इतके दिवस.

एवढं झाल्यावर मतभेद मिटले असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. मुलगा अजूनही म्हणतो की गरज नसताना शिकलेली भाषा हा छंद. नोकरी गेली की कोरियन जाईल आणि तळेगावात लागली तर परत येईल. वन्संना हे पटत नाही. त्यांची कोरियन मैत्रीण तीन-चार वर्षांनी नवऱ्याच्या बदलीबरोबर जाणार, मग दुसरी शोधायची, आणि गरजेवर विसंबलं तर ती शोधण्याचा उत्साह येणार कुठून, असं त्या विचारतात. मला वाटतं या एका मुद्द्यावर त्यांची बाजू जड आहे. परगावी भाषा शिकवणारी माणसं सतत सामान बांधत असतात. तळेगावात कोरियन कुटुंबं येतील, राहतील, जातील. त्यांच्यापैकी कुणाच्या दारात जाऊन 'तुम्हाला इंग्रजी हवंय का, मराठी हवंय का' विचारायला मुलाची गरज पुरेल की नाही, मला शंका आहे. एरवी पुण्यात परकी भाषा म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, जर्मन नाहीतर जपानी, आणि परीक्षेची तारीख, एवढंच आमच्या पिढीला सुचायचं.

शेवटच्या रात्री बोलणं गुरुवारवर येऊन अडलं.

भाचा : ती बाई माझ्याहून मोठी, तुझ्याहून लहान. तिला हाक काय मारू?

आत्या : नाव घेऊ नकोस. तिच्या मुलीचं नाव घे आणि पुढे 'ऑमॉनिम' लाव. अमकीची आई. क्रियापदाला 'हेयो' पुरे. कमी बोल, जास्त ऐक. चारला येते.

भाचा : गुरुवारी मला सेकंड शिफ्ट आहे.

आत्या : मग फर्स्ट मागून घे. कोरियनमध्ये माग, वरच्या रीतीनं. तेवढीच परीक्षा.

भाचा : शिफ्ट लावणारा सुपरवायझर तमिळ आहे, आत्या.

"मग तमिळमध्ये माग," वर्तमानपत्राआडून आतोबा म्हणाले.